गुणगुणलेल्या चालीचे मिडी करताना या चुका टाळा

धानाची कापणी उरकत आली की पूर्व विदर्भातील वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो आणि गाण्यांच्या चाली बांधणाऱ्यांची धावपळ सुरू होते. नोटेशन लिहिता येत नाही, पण चाल नेमकी सुचते, अशी माणसे आमच्याकडे गावोगावी आहेत. त्यांना गुणगुणलेली चाल थेट मिडी स्वरांत, म्हणजे संगणकाला वाजवता येणाऱ्या क्रमांकांच्या रूपात, उतरवणारे सॉफ्टवेअर मोठ्या सोयीचे आहे. मेलोडाइन, एबलटन लाइव्ह, लॉजिक प्रो यांत ही सोय आहेच, आणि स्पॉटिफायने २०२२ मध्ये खुले केलेले बेसिक पिच ब्राउझरमध्ये मोफत चालते. मात्र पहिल्याच प्रयत्नात पडद्यावर भलतेच स्वर उमटतात आणि सॉफ्टवेअरला बोल लावला जातो. माझा अनुभव असा की दोष बहुधा ध्वनिमुद्रणात असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे षड्ज (सा) कानात न ठेवता गुणगुणणे. मिडीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असून लगतच्या दोन क्रमांकांत एका अर्धस्वराचे, म्हणजे १०० सेंटचे, अंतर असते; मधल्या जागेला क्रमांकच नाही. समजा, आपला षड्ज पट्टीपेक्षा ४० सेंट चढा लागला. सॉफ्टवेअर तो जवळच्या क्रमांकावर बसवते, म्हणून षड्ज ठीक दिसतो. पण कोमल गंधार षड्जापासून सुमारे ३१६ सेंटवर लागतो. त्यात ४० मिळवले की ३५६ होतात, आणि ३०० पेक्षा ४०० जवळचे असल्यामुळे तेथे शुद्ध गंधार लिहिला जातो. अशाच एका भजनाच्या चालीत मी दोन संध्याकाळी एकेक गंधार हाताने खाली ओढत बसलो होतो, आणि खरे कारण मला तिसऱ्या दिवशी उमगले. मुद्रण आधीच झालेले असेल, तर रूपांतरापूर्वी अख्खी ध्वनिफीत तेवढे सेंट खाली उतरवावी. नवे मुद्रण करताना तानपुऱ्याचे ॲप ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झ या मापावर लावून इअरफोनमधून ऐकावे. घरातील जुनी पेटी या मापाशी जुळेलच असे नाही, आणि तिचा आवाज माइकमध्ये शिरला तर एकाच स्वराचा माग काढणारी पद्धत गोंधळते, ते वेगळेच.

ओठ मिटून ‘मं’ असे गुणगुणल्यास एक स्वर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. एकाच स्वराची चार आवर्तने मग एक लांबलचक पट्टी होऊन बसतात. ‘दा’ किंवा ‘ना’ म्हणून गावे. ‘स’ आणि ‘श’ टाळावेत, कारण त्यांच्या सुसकाऱ्याला निश्चित स्वर नसतो आणि तेथे किरकोळ खोटे स्वर उगवतात.

रिकाम्या जागी ३१ किंवा ४३ क्रमांकाचे खर्जातील स्वर दिसू लागले, तर आपला गळा तपासू नये, चार्जर तपासावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे; तिची गुंज ५० आणि १०० हर्ट्झवर येते आणि त्यांच्या जवळचे स्वर नेमके हेच आहेत. खेड्यांतील जुन्या घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे अर्थिंग असतेच असे नाही. ८० हर्ट्झखालचा भाग फिल्टरने कापला तरी १०० ची गुंज उरते, आणि तीही कापावी म्हटले तर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे तोच जखमी होतो. म्हणून चार्जर काढून, बॅटरीवर मुद्रण करावे. कूलर आणि मोटर बंद ठेवणे तर ओघानेच आले.

काही स्वर अचानक एक सप्तक वर किंवा खाली उडी मारतात, तेव्हा सॉफ्टवेअरने दुप्पट किंवा निम्मी कंपनसंख्या धरलेली असते. गायकाच्या आवाजाची खालची-वरची मर्यादा आधीच घालून दिल्यास हे बरेच थांबते. संपूर्ण चालच एक सप्तक सरकलेली वाटली, तर नावे पाहू नयेत, क्रमांक पाहावेत. ६० क्रमांकाच्या त्याच स्वराला काही सॉफ्टवेअर सी-३ म्हणतात, काही सी-४.

लय आधी ठरवून मेट्रोनोमसोबत गावे, पण ब्लूटूथ इअरफोन वापरू नयेत. त्यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही अधिक उशीर होऊ शकतो. १२० च्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचाच असतो, म्हणजे चाल जवळजवळ एक घर मागे पडते. मात्रेचे तीन भाग पाडणारी झुलती चाल चार भागांच्या जाळीत क्वांटाइझ केली, म्हणजे स्वर जवळच्या घरात आपोआप सरकवले, तर तिचा झोल जातो. तेथे ट्रिपलेटची जाळी निवडावी.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हा प्रश्न उरतो. सॉफ्टवेअरने ती पायऱ्यांत तोडली असेल तर पिच बेंड (स्वर सलग वर-खाली सरकवणारी मिडीची सोय) चालू करावे, आणि ध्वनी देणाऱ्या वाद्यातील बेंडची मर्यादा फाइलशी जुळते का, हे पाहावे. बहुतेक ठिकाणी ती मुळात दोन अर्धस्वरांची असते आणि दोन्हीकडे वेगळी राहिली तर मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबते. बासरी किंवा सारंगीच्या आवाजासाठी एवढा खटाटोप करावा. चाल नाटकाच्या ऑर्गनवाल्याच्या हाती जाणार असेल, तर बेंड सरळ पुसून टाकावे आणि मींडेचा आरंभीचा व शेवटचा एवढेच दोन स्वर ठेवावेत, कारण त्याच्या पट्ट्यांवर मधले काही वाजणारच नाही.