मामांना कम्प्युटर शिकवायला बसण्याआधीची तयारी

मामांना काचबिंदूमुळे आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं, मी दर रविवारी पंचवटीत त्यांच्याकडे जाऊन कम्प्युटर शिकवतोय, आणि पहिले दोन रविवार निव्वळ माझी तयारी नव्हती म्हणून वाया गेले. तुमच्या घरी कुणाला असं शिकवायचं असेल तर आदल्या रात्रीच बसा.

आधी विंडोज अपडेट उरकून टाका, नाहीतर ऐन वेळी ते टक्के मोजत बसतं आणि मामा चहा पिऊन झोपतात. मग स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये नॅरेटर असतोच, विंडोज की, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं की बोलायला लागतो, पण मी एनव्हीडीए टाकलं. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतं, आणि 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केलं, ते स्वतःही अंध आहेत, हे सांगितल्यावर मामा जरा सरसावून बसले. त्यातला ई-स्पीकचा आवाज मराठी वाचतो, उच्चार अगदी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे, पण सवय होते. स्पीड घरीच कमी करून ठेवा. आणि बडबड थांबवायला कंट्रोल दाबायचं हे पहिल्या मिनिटाला शिकवा, बाकी सगळं नंतर.

एनव्हीडीएची मुख्य की इन्सर्ट असते, ती लॅपटॉपवर कुठेतरी कोपऱ्यात चिमुकली असते, म्हणून पहिल्यांदा चालू करताना जी खिडकी येते त्यातच कॅप्स लॉकवर टिक करा. मी मामींकडून टिकली मागून कॅप्स लॉकवर चिकटवली. एफ आणि जे वर बारीक उंचवटे असतातच, मामांचं बोट फिरता फिरता तिथे थांबलं आणि म्हणाले, "अरे, हे आधीपासूनच आहे होय!" मी रोज त्याच कीबोर्डवर टाइप करतो, मला हे कधी जाणवलंच नव्हतं.

शब्दांची यादी मनात तयार ठेवा, कारण खरी गडबड तिथेच होते. टॅबचंच घ्या, कीबोर्डवरची टॅब की, ब्राउझरमधला टॅब, आणि नातू ज्यावर कार्टून बघतो तो टॅब. मी म्हटलं टॅब दाबा, तर मामा म्हणाले तो तर पोरगं घेऊन गेलं. आता मी "टॅब की" आणि "पान" असं म्हणतो. तसंच सगळे "गूगल उघड" म्हणतात, पण ब्राउझर वेगळा, सर्च वेगळा आणि अ‍ॅड्रेस बार वेगळा, कंट्रोल एल दाबलं की थेट अ‍ॅड्रेस बारमध्ये जाता येतं. लिंक म्हणजे दार, हेडिंग म्हणजे पाटी, एवढं पुरतं.

सरावाला नेटकी साइट निवडा. मी मराठी विकिपीडियावरचं नाशिकचं पान घेतलं. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की बटन. पण सर्चच्या चौकटीत टाइप करायला गेलो तर मामांनी एच दाबला आणि तो चौकटीत न जाता पान भलतीकडेच पळालं, कारण ब्राउझ मोड चालू होता, म्हणजे अक्षरांच्या की टाइप करायला नाही तर पानावर फिरायला वापरल्या जात होत्या. कॅप्स लॉक आणि स्पेस दाबून फोकस मोडमध्ये जायचं, मग अक्षरं उमटतात. हे मला माहीत नव्हतं, अर्धा तास गेला, आधी स्वतः डोळे मिटून करून बघा.

दुसऱ्या रविवारी एका साइटवर फॉर्म भरायला घेतला होता, तिथे तर प्रत्येक ठिकाणी नुसतं "बटन, बटन, बटन", नाव कशालाच नाही, चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर, नाही, आणि कॅप्चा, म्हणजे तुम्ही माणूसच आहात ना हे तपासणारं कोडं, फक्त चित्राचा, आवाजाचा पर्यायच नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे नियम 1999 पासून आहेत हो. राग येतो. शेवटी तो फॉर्म मीच भरला.

शेजारच्या काकूही बसतात, त्यांना दिसतं पण बारीक दिसत नाही, त्यांना कंट्रोल आणि प्लस, फार मोठं झालं तर कंट्रोल आणि शून्य. हात थरथरतो म्हणून डबल क्लिकच्या फंदात पडत नाही, एंटर दाबायला सांगतो. शिफ्ट पाच वेळा दाबलं गेलं तर स्टिकी कीजची खिडकी येते, घाबरायचं नाही.

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मात्र दर वेळी.

बाकी हेडफोन एकाच कानाला, म्हणजे तुमचंही ऐकू येतं, पण कारंजा चौकाकडून हॉर्न सुरू झाले की खिडकी लावून घ्या. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू आहे का बघा. चार्जर बॅगेत टाका, लाईट जायच्या आधी बॅटरी भरून घ्या. आणि चुकून पान बंद झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी, मामांनी हे स्वतःहून लक्षात ठेवलंय, आता मुद्दाम पान बंद करतात आणि परत आणतात.