टर्नटेबलची सुई बदलताना या चुका टाळा

"सुई बदलायचीय, कुठली घेऊ?" असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि तिची थरथर जी विजेत बदलते, ती डबी) कुठलं आहे? उत्तर बहुतेक वेळा "काळं" असं येतं.

माझा भाचाच घ्या. माळ्यावरून आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर काढला, आत सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे चुंबकाशिवाय चालणारं जुन्या धाटणीचं. मला न विचारता पठ्ठ्याने ऑडिओ-टेक्निका कंपनीचं व्हीएम९५ई कार्ट्रिज मागवलं आणि कसंबसं बसवलं. कार्ट्रिज उत्तम, मीही तेच वापरतो. पण सिरॅमिक शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि हे मॅग्नेटवालं जेमतेम चार. शिवाय तबकडीत खाच कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वर आणायला फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवून सुधारणारा डबा, लागतो. तो नव्हताच, मग आवाज आला तो डासासारखा. "सुई नीट टेकत नाहीये मामा," असं स्वतःच ठरवून त्याने टोनआर्मवर, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर, रुपयाचं नाणं चिकटवलं! ही सुई २ ग्रॅम दाबाची. त्या आर्मचा दाब आधीच ५ ग्रॅमच्या आसपास, त्यावर नाणं. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा सुईची दांडी वर दबून गेली होती आणि कार्ट्रिजचं पोट तबकडीला घासत होतं. शेवटी जुन्या सिरॅमिकलाच नवी सुई घातली. पहिल्याच दिवशी तेवढं केलं असतं तर काम शंभरपट सोपं होतं.

दुसरी चूक मला जास्त छळते. आजीच्या नाट्यगीतांच्या लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या एलपीच्या, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकड्यांच्या, सुईने वाजवायच्या आणि "रेकॉर्ड खराब झाली" म्हणायचं. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७६ मायक्रॉन, एलपीची १८च्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाते आणि तिथला चिखल उकरत बसते, मग खरखर येणारच. उलट केलंत, ७८ची सुई एलपीवर टेकवलीत, तर एलपीच गेली. जुन्या प्लेअरवर कार्ट्रिजशेजारी छोटी दांडी असेल तर ती फिरवून बघा, सुई उलटते: एक बाजू ७८ची, दुसरी एलपीची. तबकडी लावायच्या आधी कुठली बाजू खाली आहे हे मी रोज बघतो, चाळीस वर्षं झाली तरी.

बाकीचं थोडक्यात. दाब बोटाने मापू नका, डिजिटल काटा स्वस्त मिळतो. पी-माउंटच्या, म्हणजे कार्ट्रिज थेट खोचून बसवायच्या, आर्मला १.२५ ग्रॅम दाबाचंच कार्ट्रिज लागतं, तिथे हौस चालत नाही. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तेव्हा "ताजी ओरिजिनल शुअर सुई" विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा. जाहिरातीतल्या "डायमंड"ला भुलू नका, बहुतेक सगळ्या सुया हिऱ्याच्याच असतात.

आणि कार्ट्रिजच्या पिनांना तारा सोल्डर करू नका, उष्णतेने आतलं वेटोळं जातं. तारांच्या टोकांच्या टोप्या चिमट्याने पिनांवर हळू सरकवा. पांढरी आणि निळी डावीकडच्या आवाजाची, लाल आणि हिरवी उजवीकडची. एक बाजू मुकी असेल तर नवं कार्ट्रिज मागवण्याआधी त्या चार टोप्या एकदा काढून पुन्हा बसवा.