लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी

शनिवारी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर घ्यायचं ठरलं असेल, तर शुक्रवारी रात्री आधी कॅबिनेटचं झाकण उघडा. दुकानात पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ असाच येतो. आकडा सांगितला की काउंटरमागे जो माल पडून आहे त्यातलंच काहीतरी गळ्यात पडतं. म्हणून यादी घरीच, धूळ झटकता झटकता करायची.

यादीतली पहिली नोंद म्हणजे हातात असलेल्या बोर्डाचं नाव. ते बोर्डावरच ठळक छापलेलं असतं. स्क्रू काढायचा कंटाळा असेल तर विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ही ओळ वाचा. नावात बी४५० किंवा बी५५० दिसलं तर बोर्ड बदलायची बहुधा गरजच नाही. हे बोर्ड एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा). त्यावर २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर आले आणि त्याच सॉकेटवर पुढे ५००० मालिकाही आली. ए३२०, बी३५० अशा सुरुवातीच्या बोर्डांनाही २०२२ मध्ये एएमडीने या मालिकेची दारं उघडली, फक्त तुमच्या बोर्डासाठी कंपनीने तसा बायोस (बोर्ड सुरू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) काढलाय का ते तिच्या साइटवर तपासा. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचा, आणि यूपीएस लावून. मधेच वीज गेली तर बोर्ड हातचा जातो.

इथे एक खड्डा आहे. रायझन ३ २२००जी काढून ५६०० बसवला की चार कोरचे सहा होतात, पण ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहतो, कारण ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. शेवटी ‘जी’ असलेला ५६००जी घ्या. इंटेलमध्ये उलटा हिशेब: शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने हजार-दोन हजार वाचवायला ‘एफ’ घेऊ नये. इंटेलचं अंगचं ग्राफिक्स व्हिडिओ एन्कोडिंगला चांगलं कामाला येतं.

इंटेलच्या जुन्या बोर्डावर मात्र फार आशा ठेवू नका. माझ्याकडे एच११० बोर्ड होता, सॉकेट ११५१. वापरलेला आठव्या पिढीचा आय५ ८४०० प्रोसेसर मिळत होता, त्याचंही सॉकेट ११५१. ‘तोच सॉकेट आहे, डोळे झाकून लावा,’ असं विकणारा म्हणाला आणि मी खरंच डोळे झाकले. चिप अलगद बसली, खटका दाबला, पंखा फिरला, पुढे काहीच नाही. आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) लागतो. सॉकेटचा आकडा तोच असला तरी १०० (माझा एच११० त्यातलाच) आणि २०० मालिका त्या प्रोसेसरला ओळखत नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून सॉकेट जुळलं तरी बोर्ड कंपनीच्या साइटवरची सीपीयू सपोर्ट यादी उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधतो आणि त्या ओळीपुढे लिहिलेला बायोसचा क्रमांक कागदावर उतरवून घेतो.

सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा इंटेल असेल तर नवं घेण्यावाचून तसाही इलाज नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला जवळजवळ सगळीकडे आठव्या पिढीपासून पुढचंच चालतं.

आता रॅम. प्लॅटफॉर्म, म्हणजे बोर्ड-प्रोसेसरची जोडी, कुठला घ्यायचा ते माझ्या मते सध्या रॅमच ठरवते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकले आहेत की घरातली १६ जीबी डीडीआर४ (रॅमची मागची पिढी, नवी ती डीडीआर५) फेकवत नाही. ती वाचवायची तर मुख्य वाटा दोन: एएम४, किंवा इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे डीडीआर४ वाले बोर्ड. एच६१० आणि बी७६० या दोन्ही चिपसेटांत डीडीआर४ आणि डीडीआर५ असे वेगवेगळे बोर्ड येतात. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. एएमडीचं नवं सॉकेट एएम५ आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांचं एलजीए१८५१ यांना फक्त डीडीआर५ चालते. खिशाला परवडत असेल तर मी एएम५ म्हणेन, कारण तिथे पुढची पिढी त्याच बोर्डावर बसवता येईल. हे सॉकेट निदान २०२७ पर्यंत चालवू असं एएमडीने सांगितलं आहे.

चिपसेटबद्दल एवढंच, की महागड्या चिपसेटने मशीन पळत नाही. तो फक्त जास्तीच्या वाटा देतो: एसएसडीसाठी आणखी एखादी एम.२ खाच, जास्त यूएसबी, ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याची) मुभा. टॅली, ब्राउझर आणि पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर एच६१० वर आय३ पुष्कळ झाला. इंटेलमध्ये ‘झेड’ चिपसेटचे पैसे ‘के’ वाला प्रोसेसर घेऊन त्याचा वेग वाढवणाऱ्यानेच मोजावेत. एएमडीत ते काम ‘बी’ वरही होतं. उलट स्वस्तातल्या एच६१० वर आय७ चढवू नका. वीज पुरवणारा भाग तापतो आणि मे महिन्यात, चाळीतल्या बंद खोलीत, प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून बसतो. तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७-आय९ वापरलेला तर नकोच. त्यांतल्या व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणारी दुरुस्ती) काढला, पण आधी झालेली इजा त्याने भरून येत नाही.

जुना कूलर ठेवायचा असेल तर मोजा. इंटेलच्या ११५१ आणि १२०० सॉकेटला भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, १७०० ला ते ७८ झालं, म्हणजे वेगळा ब्रॅकेट हवा. एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात. एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) सीपीयूसाठी चारच पिनांची वायर येत असेल तर नवा एसएमपीएसही यादीत टाका.

काउंटरवर बोर्डाचा डबा समोरच उघडायला लावा. इंटेलचा किंवा एएम५ चा बोर्ड असेल तर (एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात) सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चने तिरपा उजेड टाका. पिना भाताच्या रोपांसारख्या एका ओळीत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी लकाकली तर तो बोर्ड परत करा. घरी नेल्यावर वाकलेली पिन सहसा कोणी वॉरंटीत धरत नाही. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीला पाठवताना लागतं. बोलताना सांगितलेला भाव बऱ्याचदा १८ टक्के जीएसटी सोडून असतो. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

आणि थर्मल पेस्टची ट्यूब तिथेच घ्या. मी दोनदा विसरलोय. रात्री दहा वाजता, जुना कूलर पुसून झाल्यावर, ती आपल्या गल्लीत मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, लॅमिंग्टन रोडवरची बरीचशी शटरं खाली.