गाजर गवत, ऊन आणि ॲझाथायोप्रिन: या चुका टाळा

चेहरा, मान, हात असा उघडा भागच जाड, काळपट होऊन सतत खाजत असेल, तर आपल्याकडे त्यामागे बऱ्याचदा गाजर गवत असते. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेले हे तण आज बांधाबांधावर आहे. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षे राहिली की काहींना नुसते ऊनही सोसत नाही. अशा जुनाट आजारात त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देतात. ही गोळी उपयोगी आहे, पण संथ आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नका. गुण यायला दीड-दोन महिने लागू शकतात. तोवर आराम पडावा म्हणून डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात. त्याने खाज झटपट थांबते, म्हणून पुढे लोक जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच आणत राहतात. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रक्ततपासणी टाळणे. ही गोळी पांढऱ्या पेशी कमी करू शकते, यकृतालाही त्रास देऊ शकते, आणि सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताची तपासणी वारंवार करावी लागते. काहींच्या शरीरात जन्मतःच हे औषध नीट पचत नाही. भारतीयांत त्यामागे एनयूडीटी१५ या जनुकातला बदल बऱ्याचदा आढळतो. सोय असेल तर या जनुकाची चाचणी गोळी सुरू करण्याआधीच करून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत केसांचे पुंजके गळू लागले, तोंड आले, ताप किंवा घसा दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते आवर्जून सांगा. ॲझाथायोप्रिनसोबत ही औषधे रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतात. ‘ती सांध्यांची गोळी, हिचा काय संबंध’ असे वाटून ती सांगायची राहून जाते.

गोळी चालू आहे म्हणून भर उन्हात जाऊ नका, उलट या औषधाने उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन हवेच. आणि गवत उपटायचे काम घरातल्या ॲलर्जी नसलेल्या माणसाने, हातमोजे घालून, फुलोऱ्याआधी करावे. वाळलेल्या गवताची धूळही रुग्णाला त्रास देते.