मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवताना: जोडणी सोपी, दाब अवघड

ड्रममधला शू (आतून घासणारी पट्टी) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि स्वतःच आणखी आवळतो. डिस्कला ही फुकटची मदत नसते. जेवढा दाब मिळेल तेवढंच पॅड पकडतं. शिवाय कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा, म्हणजे ब्रेक ऑइल जास्त लागतं आणि पेडल खोल जातं. म्हणून त्याच मॉडेलच्या मागे डिस्क असलेल्या गाडीचा पूर्ण संच घ्यावा: डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, होज, हँडब्रेकची केबल आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा) सुद्धा. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची रिंगही जुळली पाहिजे.

गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना ओट (अडकण म्हणून ठोकळे) लावा, हँडब्रेक सोडा. ड्रम अडला तर आधी शू-ड्रममधलं अंतर ठरवणारा अॅडजस्टर सैल करा, हातोडा नंतर. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. ब्रेक पाइपचा नट फ्लेअर पान्यानेच (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणाऱ्या) सोडवा, साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात. काही अॅक्सलवर बॅकप्लेटच (शू ज्यावर बसतात ती मागची पत्रा-प्लेट) बेअरिंग धरून ठेवते. तिथे नवं ब्रॅकेट तेवढ्याच जाडीचं हवं, नाहीतर अॅक्सलला प्ले (ढिलेपणा) येतो.

हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाचा एक कण डिस्कखाली राहिला तरी ती डुलते आणि पेडल थरथरतं. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर लावा. सस्पेन्शन पूर्ण खाली सोडून होज ताणतो का, ते बघा.

हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन बहुधा फिरवून आत जातो. सी-क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. पिस्टनची खाच पॅडच्या पिनासमोर आणा.

ड्रमच्या ब्रेक लाइनमध्ये काही गाड्यांत सुमारे 10 पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, म्हणून काढा. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या खाली असेल तरच 2 पीएसआयचा लावा.

आता खरी गोष्ट. ब्रेक लावल्यावर मागची चाकं पुढच्यांआधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली, की गाडी गरकन फिरते. एबीएस नसलेल्या गाडीत मागच्या लाइनवर अॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) बसवा, सगळ्यात कमी दाबापासून सुरुवात करा आणि मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागेत थोडाथोडा वाढवा. पुढची चाकं आधी लॉक झालीच पाहिजेत. एबीएसच्या गाडीत हा खेळ करू नका, तिथे कंपनीचं गणितच ठेवा.

ब्लीडिंगनंतरही (लाइनमधली हवा काढल्यावरही) पेडल मऊच राहिलं तर कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले नाहीत ना, ते पाहा. हवा सोडायचं निपल वरच्या टोकाला असायला हवं, नाहीतर हवा आतच अडकते. नवे पॅड डिस्कशी नीट जुळवून घ्यायला 50 किमी वेगावरून 10 वर आठ-दहा वेळा, मध्ये न थांबता, ब्रेक लावा. मग थोडं साधं चालवून, डिस्कला हात न लावता, दोन्ही रिमजवळ हात न्या. एक बाजू जास्त तापली असेल तर त्या बाजूची केबल घट्ट आहे किंवा पिस्टन मागे सरकत नाही.