यूआरएलचं ऑब्जेक्ट करताना

सांगलीच्या हळद-बेदाण्याचे भाव दाखवणारं पान करताय असं धरा. पत्त्याची शेपटी अशी: /भाव/सांगली?माल=हळद&माल=बेदाणा&पोती=५०#आज. ही स्प्लिटने तोडत बसू नका. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये आणि नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), पत्त्याचे भाग वेगळे करून देणारा यूआरएल क्लास तयार आहे. पत्त्याचं ऑब्जेक्ट करून देणारी आपली लायब्ररी म्हणजे त्यावर बसवलेलं वीसेक ओळींचं फंक्शन.

न्यू यूआरएलला पत्ता पूर्ण लागतो. नुसती वरची शेपटी दिली की टाइपएरर येतो, तेव्हा दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये साइटचा मूळ पत्ता द्या. खरा घोळ एचटीटीपी न लिहिता नुसतं लोकलहोस्ट आणि पोर्ट दिल्यावर होतो. एरर येतच नाही. ‘लोकलहोस्ट:’ हाच प्रोटोकॉल धरला जातो आणि होस्टनेम रिकामं राहतं. होस्टनेम रिकामं दिसलं की फंक्शनने तिथेच थांबावं.

या क्लासकडून मिळणाऱ्या भागांत प्रोटोकॉलला मागे कोलन, सर्चला पुढे प्रश्नचिन्ह आणि हॅशला # चिकटून येतं, ते काढून ठेवा. एचटीटीपीएसवर ४४३ पोर्ट लिहिला असला तरी पोर्ट रिकामाच मिळतो.

पाथनेममधली (पत्त्यातल्या स्लॅशच्या वाटेतली) मराठी अक्षरं एन्कोड होऊनच, म्हणजे दर बाइटला % आणि दोन चिन्हं अशा रूपात येतात. ‘हळद’ची तीन अक्षरं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणून टक्क्यांची चिन्हं धरून २७ कॅरेक्टर होतात. आधी स्लॅशवर तुकडे करा, मगच एकेक तुकडा डिकोडयूआरआयकंपोनंटमधून काढा. क्रम उलटा झाला तर नावातला एन्कोड केलेला स्लॅशही तुटतो. सर्चपॅराम्सची, म्हणजे प्रश्नचिन्हापुढच्या नाव-मूल्य जोड्यांची मूल्यं मात्र डिकोड झालेलीच असतात. ‘५% ओलावा’ पुन्हा डिकोड करायला गेलात तर यूआरआयएरर येईल.

या जोड्यांचं ऑब्जेक्ट करायला ऑब्जेक्टडॉटफ्रॉमएंट्रीज वापरायला सोपं, पण एकच नाव दोनदा आलं की शेवटचंच मूल्य उरतं: हळद गेली, बेदाणा राहिला. ‘माल’साठी एका नावाची सगळी मूल्यं देणारं गेटऑल वापरा आणि मूल्य एकच असलं तरी अॅरेच ठेवा. कधी स्ट्रिंग, कधी अॅरे असं केलंत, तर एकच माल निवडल्यावर मॅप कोसळेल. हळदीच्या जातींसाठी ‘राजापुरी+सेलम’ असं लिहिलं तर अधिकच्या चिन्हाची रिकामी जागा होते. पत्ता बनवतानाच ते एन्कोड करायला हवं.

आकड्यांकडे नीट बघा, कारण सगळी मूल्यं स्ट्रिंग असतात. मराठी कीबोर्डवरून आलेल्या ‘५०’ला नंबर फंक्शन लावलं की एनएएन (‘आकडा नाही’) मिळतं. ० ते ९ या देवनागरी अंकांच्या कोडमधून २४०६ वजा करा, मग रूपांतर करा. पोती लिहिलीच नसतील तर गेटकडून नल (‘काहीच नाही’) येतो आणि नंबर त्याचं शून्य करतो. म्हणून ‘हॅज’ने आधी तपासा, रिकाम्या स्ट्रिंगचंही शून्यच होतं, तीही तिथेच अडवा.