तुर्कस्तानात खायला जाताय? मग या चुका टाळा

तुर्कस्तानची सहल करून आलेल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "खाण्यात सगळीकडे तेच ते. कबाब, भात आणि पाकातलं गोड." इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्कले हा ठरलेला मार्ग, सकाळी हॉटेलचा बुफे आणि रात्री भारतीय जेवण, एवढ्यात देश आटोपला तर वेगळं काय वाटणार? तिथल्या पदार्थांना गाव असतं, खाण्याची वेळ ठरलेली असते आणि बऱ्याच पदार्थांना हंगामही असतो. नियोजन चुकतं ते इथेच.

सगळं इस्तंबूलमध्येच उरकणं

इस्तंबूलमध्ये नावं सगळी मिळतात, पण चव मिळेलच असं नाही. अदाना कबाबचंच बघा. दक्षिणेकडच्या अदाना शहरात मेंढीचं मांस आणि तिच्या शेपटीची चरबी 'झिर्ह' नावाच्या वाकड्या, रुंद पात्याच्या सुऱ्यानं हातानं बारीक करतात, म्हणून खाताना मांसाचा पोत लागतो. पर्यटकांच्या गल्ल्यांत बहुतेक वेळा यंत्रातून काढलेला खिमा असतो. सोबत काळ्या गाजरांचं आंबवलेलं, खारट-आंबट शालगाम हवं. पहिला घोट बहुतेकांना आवडत नाही, दुसरा घेऊन बघा.

एकाच भागात जायचं असेल तर अदाना, गाझियानतेप आणि उर्फा ही तीन शहरं निवडा. साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात चव कशी बदलत जाते ते कळेल. पातळ पोळीवर खिमा पसरून भाजलेल्या लाहमाजूनमध्ये अंतेपवाले (गाझियानतेपला बोलताना अंतेपच म्हणतात) लसूण घालतात, उर्फावाले कांदा, आणि यावर दोघे हिरिरीनं भांडतात. उर्फाची काळपट इसोत मिरची दिवसा उन्हात वाळवतात आणि रात्री झाकून ठेवतात. त्या घामेजण्यातून तिचा रंग आणि धुरकट गोडवा येतो. गाझियानतेपला युनेस्कोनं २०१५ मध्ये खाद्यसंस्कृतीच्या शहरांच्या यादीत घेतलं. माझ्या मते पामुक्कलेचा एक दिवस कापून तिथे दोन दिवस द्यावेत. इस्तंबूलहून विमानानं साधारण पावणेदोन तासांत पोचता येतं.

वेळच नसेल, तर इस्तंबूलच्या फातिह भागातल्या काद्नलार पाझारीत जा. बोझदोआन या जुन्या जलसेतूजवळ हा बाजार आहे. पूर्वेकडच्या सिर्तहून आलेल्या लोकांची दुकानं तिथे आहेत, आणि खड्ड्यात लटकवून शिजवलेलं मेंढीचं बुर्यान तिथे मिळतं.

हॉटेलचा नाश्ता भरपेट करणं

भाड्यात धरलाय म्हणून खाल्लाच पाहिजे, हा हिशेब अंतेपमध्ये अंगाशी येतो. तिथली दोन मोठी आकर्षणं सकाळचीच आहेत. बेयरान हे मेंढीचं मांस, भात, लसूण आणि तिखट यांचं उकळतं सूप. कातमेर म्हणजे कागदासारख्या पातळ पारीत पिस्ते आणि साय भरून भाजलेला गोड पदार्थ. रात्री आठला बेयरान शोधत फिरलात तर चांगली दुकानं बंद मिळतील. उर्फात कळेजीचे कबाबही लोक सकाळी खातात.

घरगुती पद्धतीचं शिजवलेलं अन्न देणाऱ्या एस्नाफ लोकांतासी या साध्या खाणावळींचं गणित दुपारचं. साडेबाराच्या सुमारास गेलात तर वीस पातेली, तीननंतर तळाशी उरलेलं.

हंगाम न बघणं

काळ्या समुद्रावरचे हाम्सी हे छोटे मासे हिवाळ्यातले. जुलैत ट्रॅबझोनला जाऊन ते मागवले तर बहुधा बर्फातले येतील. उन्हाळ्यात तिथे कुयमाक खा : मक्याचं पीठ, लोणी आणि तार सुटणारं चीज. शाकाहारी मंडळींनाही चालेल. इझमिरकडच्या रानभाज्या वसंतात उत्तम. रमझान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात एरझुरुम, उर्फा, कोन्या अशा शहरांत दिवसा बरीच उपाहारगृहं बंद असतात, म्हणून तारखा आधी तपासा.

'व्हेजिटेरियन' म्हणून निश्चिंत होणं

सर्वांत जास्त फसगत इथे होते. तुर्की बोलण्यात 'एत' म्हणजे मुख्यतः लाल मांस. 'एतसिझ', म्हणजे बिनमांसाचं, मागितलं तरी ताटात चिकन येऊ शकतं, आणि वेटरच्या दृष्टीनं त्यात काहीच गैर नसतं. मांस, कोंबडी, मासे तिन्ही नको, असं वेगवेगळं सांगा. भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, मसूरचं सूप हाडांच्या पाण्यात. त्यासाठी एकच प्रश्न पाठ करा : "एत सुयू वार म?" मांसाचं पाणी आहे का?

त्याहून सोपा उपाय म्हणजे झेतिनयाली हा शब्द. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा हा प्रकार परंपरेनं बिनमांसाचाच असतो. एजियन किनाऱ्यावर, विशेषतः इझमिर आणि आयवालिककडे, यात आर्टिचोक, फरसबी, द्राक्षाच्या पानांचे रोल असं बरंच काही मिळतं. पण पानांचे रोल गरम आले तर सावध व्हा, त्यात खिमा असण्याची शक्यता मोठी. वांग्याचंही तसंच : इमाम बायल्द हे कांदा-टोमॅटो भरलेलं, कार्नियारिक दिसायला तसंच पण खिम्याचं.

चि कोफ्ते हा मूळचा कच्च्या मांसाचा पदार्थ. गल्लोगल्ली दुकानांत मिळतो तो मात्र बल्गर गहू, इसोत आणि डाळिंबाच्या आंबट रसाचा, बिनमांसाचा. स्वस्त, तिखट आणि आपल्या जिभेला लगेच पटणारा. घरगुती बैठकीत समोर आला तर आधी विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र सोबत काहीतरी बांधून न्यावं, हे खरं.

बीफ टाळणाऱ्यांनी 'दाना' आणि 'कुझू' हे शब्द लक्षात ठेवावेत. पहिलं गोवंशाचं, दुसरं कोकराचं. सुजूक (मसालेदार सॉसेज) आणि पास्तिरमा (मसाला लावून वाळवलेलं मांस) सहसा गोमांसाचे असतात, कायसेरीच्या चिमुकल्या मांतीतला, म्हणजे मोमोसारख्या पदार्थातला, खिमाही बऱ्याचदा तोच. उभ्या सळईवर भाजून कापलेल्या डोनरमध्ये दोन्ही असू शकतात. एरझुरुमचा आडव्या सळईवरचा जा कबाब मेंढीचा.

बिलाची गडबड

अदानात, अंतेपमध्ये कबाबबरोबर न मागता आलेले कांदे, सॅलड, चटण्या सहसा फुकट असतात. घाबरून परत पाठवू नका. पर्यटकी किनाऱ्यावरच्या मासळीच्या हॉटेलांत उलटं. तिथे मासा वजनावर विकतात, म्हणून वजन आणि दर दोन्ही तळण्याआधी विचारा.

गोडाची घाई आणि फ्रिज

कुनेफे, म्हणजे बारीक शेवयांसारख्या थरांत चीज भरून पाक घातलेला गरम गोड पदार्थ, मागवल्यावर वेळ लागतो. तो लागायलाच हवा, कारण चांगलं कुनेफे तेव्हाच भाजलं जातं. आलं की मात्र फोटोत वेळ घालवू नका, गार झाल्यावर आतलं चीज चामट होतं. त्याचं घर अंताक्या. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात जुनं शहर मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झालं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले पत्ते धरून जाऊ नका. चौकशी ताजी करा.

बकलावा मुंबईला आणायचा असेल तर दुकानात 'कुरू', म्हणजे कोरडा, मागा. त्यात पाक कमी असतो आणि तो जास्त टिकतो. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये कोंबू नका : लोणी गोठतं आणि पापुद्र्यांचा कुरकुरीतपणा जातो. डबा बाहेरच ठेवा आणि लवकर संपवा.